घरातील पवारणा

उपासक-उपासिकांनो,

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी एकत्र वर्षावास केला. तंटा होऊ नये म्हणून तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही, असे त्यांनी ठरविले. पाण्याचे मडके रिकामे दिसले तरी हाताने खूण करायची, तोंड उघडायचे नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला गेले आणि आम्ही सुखाने राहिलो, असे त्यांनी भगवंतांना सांगितले. भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हे तर जनावरांसारखे राहणे झाले, असा ठपका ठेवून त्यांनी पवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघाला विनवावे, की माझा दोष तुम्ही पाहिला, ऐकला असेल वा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगा. मी तो सुधारीन.

आता आपल्या घराकडे पाहा. आमच्या घरात भांडण नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पण नवऱ्याने सावकाराचे पैसे उचलले, हे बायकोला ठाऊक नसते. कचेरीत जातीवरून टोमणा ऐकून आलेला मुलगा बापापुढे मुकाट्याने जेवून उठतो. तेथे भांडण नाही हे खरे. पण मैत्री तरी कोठे आहे?

आपले मुकेपण मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढले. आपण चव्हाट्यावर बोलू लागलो. मग चुलीपाशीच मुके का? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेली खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा केवळ बाजारापुरती नाही.

मात्र तोंडाला येईल ते बोलणे म्हणजे सम्यक वाचा नव्हे. बोलणे सत्य असावे, हिताचे असावे आणि वेळ पाहून असावे, हे भगवंतांनी अभय राजकुमाराला समजाविले. ऐकणाऱ्याला ते कडू लागले तरी चालेल. दारू पिऊन आलेल्याशी रात्री वाद घालू नका. सकाळी तो शुद्धीवर असताना सांगा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पवारणेत दुसऱ्यावर बोट रोखायचे नसते, स्वतःविषयी विचारायचे असते. आणि पहिल्याने विचारतो तो थेर, सर्वांत ज्येष्ठ. म्हणून आश्विन पौर्णिमेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन संपले, की घरातील कर्त्या पुरुषानेच बायकामुलांना प्रथम विचारावे, “माझे कोठे चुकते?” आणि उत्तर येईल तेव्हा रागावू नये. तो रागावला, तर ते घर पुन्हा वर्षभर मुके होईल.

जयभीम!