शेंड्यातली मोडतोड

एखादी गोष्ट टिकते, म्हणजे तिच्या गाभ्याशी काहीतरी न बदलणारे असलेच पाहिजे, हा तर्क आपल्याकडे फार जुना आहे. विष्णू सांभाळतो आणि शंकर संहार करतो, या वाटणीतही टिकणे आणि मोडणे वेगळ्या हातांत आहे. झाडाच्या शेंड्याकडे पाहिले की हा तर्क लंगडा पडतो. कोंबाच्या टोकाशी मूलपेशींचा इवलासा पुंजका असतो; झाड वर्षानुवर्षे नवी पाने काढते ते त्याच्या जोरावर. त्याच्या जरा खाली ‘वुशेल’ हे प्रथिन तयार होते, वर सरकते आणि तिथल्या पेशींचे मूलपेशीपण राखते. त्या पेशी उलट ‘क्लाव्हाटा-३’ हा संदेश सोडून वुशेलला आवर घालतात. वुशेल नाहीसे झाले तर शेंडा खुंटतो, माजले तर तो फुगून बेढब होतो. म्हणून केंद्रकात जास्त साचलेले वुशेल वेळीच मोडावेही लागते. हे मोडणे म्हणजे कुजणे नव्हे. पेशी नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिनची खूण लावते, मग प्रोटिअसोम ते उलगडून त्याचे तुकडे करतो आणि त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्ची पडते. या यंत्रणेच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या कामावर जीव आपली शक्ती वेचतो, ते सांभाळण्याचेच काम मानायला हवे.

कोणी म्हणेल, प्रथिने येतात-जातात, पण डीएनए तर तोच राहतो. तोच तो अविकारी गाभा. पण डीएनए पानातही तोच असतो, आणि पान काही मूलपेशी नसते. टोमॅटोच्या शेंड्याचा मधला भाग लेझरने जाळला, तर बाजूच्या पेशी नवे केंद्र उभारतात. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश काचपात्रात वाढवले आणि त्यांतून गर्भ निघाल्याचे १९६४ साली जाहीर केले. ते परागकणांपासूनच आल्याचे पुढे सिद्ध झाले. ज्या कणाने फलन घडवायचे, तोच रोपाच्या वाटेला लागला. पेशीचे काय होणार, हे तिच्या जागेवर आणि भोवतालावरही ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळे क्षणोक्षणी नाहीसे होते हा बौद्धांचा क्षणिकवाद खोडताना शंकराचार्यांनी स्मृतीचा आधार घेतला: ज्याने अनुभवले तोच आठवतो, तर तो, म्हणजे आत्मा, एकच असला पाहिजे. शेंड्याला तशी आठवण नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे मागता येत नाही, आणि आत्मा नाही असेही त्यावरून सिद्ध होत नाही. इतकेच ठरते की नुसत्या टिकण्यावरून आत्म्यापर्यंत पोहोचता येणार नाही. त्यासाठी स्मृतीचाच युक्तिवाद लढवावा लागेल.