दुसरी तालीम

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार मुकादम फिनिआस गेजच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीतून आरपार गेली. गेज जगला. पण समंजस म्हणून ओळखला जाणारा हा माणूस आता उतावळा आणि शिवराळ झाला होता. ओळखीचे लोक म्हणू लागले, हा गेज नव्हेच. पाठ्यपुस्तकांनी हा निवाडा उचलला आणि जपला. पुढची हकिकत मात्र फारशी कोणी सांगितली नाही. गेज चिलीत गेला आणि तिथे कित्येक वर्षे त्याने घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. रस्ता, वेळ, उतारू आणि हातातले अनेक लगाम एकाच वेळी सांभाळायचे, असे ते काम होते. जो उरलाच नाही असे ठरले होते, तो ते करत होता.

मेंदूच्या दुखापतीनंतर माणूस तोच राहिला का, हा प्रश्न आपण त्याच्या आठवणींना आणि स्वभावाला विचारतो. हातापायांना विचारत नाही. ते काम रंगभूमीला जमते, विशेषतः देहाची हालचाल हीच संहिता मानणाऱ्या रंगभूमीला. मात्र तिथे मिळणारे उत्तर आपल्याला हवे तसे असेलच असे नाही.

जोसेफ चायकिन यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कला ‘ओपन थिएटर’ सुरू केले. त्यांच्या तालमीत संवादांचा नंबर उशिरा लागे. एक नट एखादा आवाज आणि त्याला जोडलेली हालचाल घेऊन दुसऱ्यासमोर जाई. दुसरा ती आधी हुबेहूब उचली, अंगात मुरवी आणि तिच्यातूनच वेगळे काही घडवी. १९६८ च्या ‘द सर्पंट’ या नाटकात तर अध्यक्ष केनेडींच्या हत्येचे क्षण आकडे घातलेल्या तुकड्यांत मोडले होते. नट ते तुकडे क्रमाने करत, उलटे करत, मधूनच कुठूनही उचलत. सलग वाटणारी कृती किती सांध्यांवर उभी असते, ते प्रेक्षकाला दिसे.

१९८४ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी चायकिन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचाघात झाला. मेंदूच्या पुढच्या भागाचा बोलण्याशी संबंध आहे, हे फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्येच दाखवले होते. पण वाचाघात म्हणजे बुद्धिघात नव्हे, एवढी साधी गोष्ट आजही घरोघरी समजावून सांगावी लागते. रोग्याला काय म्हणायचे ते पुष्कळदा नेमके ठाऊक असते, शब्दच हाताला लागत नाही. शब्द अडला की भेटायला आलेली माणसे त्याच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तशी बोलू लागतात.

चायकिन आणि नाटककार सॅम शेपर्ड यांचे ‘द वॉर इन हेवन’ झटक्यापूर्वीच सुरू झालेले होते. ते नंतर पूर्ण झाले, आणि तुटक वाक्यांत बोलणारा, पृथ्वीवर कोसळलेला देवदूत चायकिन यांनी स्वतः साकारला. पुढे नाटककार ज्याँ-क्लोद व्हान इटाली यांच्यासह त्यांनी ‘स्ट्रक डम्ब’ लिहिले. त्याचा नायक वाचाघात झालेला आहे. सॅम्युएल बेकेट यांनी अखेरच्या काळात, स्वतःचेही शब्द निसटत असताना लिहिलेली एक कविता इंग्रजीत आणताना चायकिन यांना अर्पण केली. २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चायकिन नाटके बसवत राहिले. नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्यांचा वाचिक अभिनय मोडला होता. आपल्या संवादप्रेमी रंगभूमीवर एवढ्यानेच नट संपला असे ठरले असते. चायकिन यांनी त्या मोडलेपणालाच रूप दिले.

इथे एक विलक्षण योग दिसतो. दुखापतीनंतर अनेकांना सदऱ्याची गुंडी लावणे, जिना उतरणे, चहा करणे ही कामे तुकड्यातुकड्यांनी पुन्हा शिकावी लागतात. पूर्वी आपोआप होणाऱ्या गोष्टीला आता आकडे पडतात. नटही सवयीची हालचाल मोडतो, तपासतो आणि पुन्हा जोडतो. फरक इतकाच, की नटाने ते स्वेच्छेने पत्करलेले असते.

पण नुसते मोडून भागत नाही. रशियन मज्जामानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांच्याकडे झासेत्स्की नावाचा सैनिक रुग्ण म्हणून होता. १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागल्यावर त्याला अक्षर ओळखता येईना, लिहिता येईना. एकेक अक्षर आठवून लिहायचे सोडून हात न उचलता शब्द एका दमात लिही, असे सांगितल्यावर हात चालू लागला. डोळ्याला अनोळखी झालेला शब्द हाताच्या लयीत शिल्लक होता. पुढे सुमारे पंचवीस वर्षांत त्याने तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली. आपण लिहिलेले वाचणे मात्र त्याला जड जाई. तालमीत मोडायचे आणि प्रयोगात विसरून वाहू द्यायचे, हे नटाचे जुने कोडे त्याने आयुष्यभर सोडवले.

‘महाभारत’मुळे आपल्याला परिचित असलेल्या पीटर ब्रुक यांनी १९९३ मध्ये पॅरिसला ‘लॉम की’ रंगवले. त्याचा आधार होता मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांचे रुग्णकथांचे पुस्तक. नट रुग्णालयात जाऊन आले होते. नेपथ्य म्हणजे टेबल, खुर्च्या, व्हिडिओचे पडदे एवढेच. एका प्रसंगात डॉक्टर झालेला नट पुढच्या प्रसंगात रुग्ण होई. या अदलाबदलीत नाटकाची नैतिकता आहे. धडधाकट नटाने लुळा हात हुबेहूब करून टाळ्या घ्याव्यात, हा या विषयातला मोठा धोका आहे. तशा वेळी प्रेक्षक नटाचे कसब पाहतो, माणूस पाहत नाही. भूमिका फिरत्या ठेवल्या की आजार कोणा एकाच्या अंगाला चिकटत नाही आणि तपासणारा व तपासला जाणारा यांच्यातली भिंत पातळ होते.

दुसरा मोह याहून गोड आहे. पडदा पडताना माणूस ‘पूर्वीसारखा’ झालेला दाखवायचा. चायकिन पूर्वीसारखे झाले नाहीत, आणि त्यांच्या नाटकांनी तसे सोंगही आणले नाही. ओळख म्हणजे आत कुठेतरी दडलेला, शोधून परत आणायचा ऐवज असेल, तर ते अपयश ठरेल. पण ओळख ही रोज, दुसऱ्यांच्या देखत करायची गोष्ट असेल, तर ते काम सुरूच होते. गेजच्या परिचितांनी जुन्या गेजशी ताडून निकाल दिला. गाडी हाकताना त्याला पाहिले असते, तर त्यांना वेगळा प्रश्न सुचला असता. घरातला दुखापतग्रस्त माणूस पहिल्यासारखा कधी होणार, असे विचारणे म्हणजे संपलेल्या प्रयोगाचे तिकीट मागणे. विचारायचे ते हे, की त्याने आता काय बसवायला घेतले आहे आणि त्या तालमीला पुरेसा वेळ द्यायची आपली तयारी आहे का.