पुन्हा परीक्षेस बसावें काय?

माकुणसारच्या एका विद्यार्थ्यानें परवां विचारलें, “सर, ‘नीट’ला पुन्हा बसूं का?” या परीक्षेस कितीहि वेळां बसण्याची मुभा आहे, परंतु मुभा म्हणजे कर्तव्य नव्हे.

गांधीजी लंडनच्या मॅट्रिकमध्यें लॅटिनांत नापास झाले व १८९० सालीं पुन्हा बसून उत्तीर्ण झाले. पण दुसऱ्या खेपेस त्यांनीं रसायनशास्त्र सोडून उष्णता व प्रकाश हा विषय घेतला होता. चिकाटी व हट्ट यांतील भेद येथेंच आहे.

मीं त्यास दोन प्रश्न केले: यंदा निराळें काय करणार? आणि या वर्षाचा भार कोण वाहणार? पहिल्याचें उत्तर तत्काळ आलें. दुसऱ्यापाशीं तो अडखळला. “धाकटी बहीण,” म्हणाला, “तिची फी थांबेल.”

मग प्रथम तिला विचारावयास नको काय?