बावीस ओळी

संगणकावर कुणाचे पैसे लुबाडले गेले की त्याची विचारपूस करण्याआधीच 'भलत्या ठिकाणी बोट लावले असेल' असा निवाडा आपण देऊन मोकळे होतो. आणि हा निवाडा किती अन्यायाचा असू शकतो, हे २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या प्रवाशांवर जे गुदरले, त्यावरून मला उमगले.

त्या वर्षी २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या काळात ज्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरले, त्यांच्याकडून कसलीही गफलत झाली नव्हती. पत्ता खरा होता, त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह जागच्या जागी होते. परंतु पानाबरोबर जावास्क्रिप्टची जी एक निरुपद्रवी फाईल प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये उतरत असे, तिला चोरांनी अवघ्या २२ ओळी जोडून ठेवल्या होत्या. पैसे भरण्याच्या बटणावरून बोट उचलताक्षणी त्या ओळी जाग्या होत, भरलेला सारा तपशील कार्डाच्या क्रमांकासकट वेचून घेत आणि कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या दुसऱ्याच पत्त्यावर रवाना करीत. ब्राउझरच्या लेखी यजमानाच्या पानातून आलेली प्रत्येक ओळ हा यजमानाचाच हुकूम. त्यातला घुसखोराचा शब्द कोणता, हे ओळखण्याचे साधन यजमानानेच त्याला पुरवावे लागते. तशी साधने आहेत: पानाने कोणकोणत्या पत्त्यांशी व्यवहार करावा याची यादी आधी देता येते, आणि फाईलमधले एक अक्षर जरी बदलले तरी ती नाकारली जावी, अशी तजवीजही करता येते.

या चोरीची खबर कंपनीला बाहेरच्या माणसाने दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी, सुरक्षेची पुरेशी व्यवस्था न ठेवल्याबद्दल, तिला २ कोटी पौंडांचा दंड केला. हा निवाडा मला मोलाचा वाटतो, कारण त्यात कसुराचे माप ज्याच्यावर इतबार ठेवला गेला त्याच्या पदरात पडले. ज्याने इतबार ठेवला त्याच्या नव्हे. दुसऱ्याची ठेव आपल्या उंबऱ्याआत स्वीकारणाऱ्याने, त्या उंबऱ्याआत आणखी कोण वावरतो आहे याची खबर न ठेवणे, हा माझ्या मते निव्वळ तांत्रिक हलगर्जीपणा नव्हे. तो विश्वासभंगच आहे.

परवा माझ्या एका प्रकाशक स्नेह्यांच्या कार्यालयात, त्यांच्या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावरचे पैसे भरण्याचे पान आम्ही उघडून पाहिले. परक्या सात ठिकाणांहून तिथे स्क्रिप्ट येत होत्या, आणि त्यांतल्या चार कशासाठी आहेत, हे कुणालाच सांगता येईना. ते वरमले, मग शेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "बसा, आत्ताच काढू या." संध्याकाळपर्यंत त्या चारही निघाल्या, आणि पान पूर्वीसारखेच चालत राहिले.