अश्वत्थाम्याला तेल का द्यायचं?



आजचे वाचन: श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, सातवा अध्याय.

धनत्रयोदशी जवळ आली की मला अस्तंब्याची यात्रा आठवते. सातपुड्यातला हा डोंगर अक्राणी तालुक्यात आहे, चार हजार फुटांहून उंच. १९९८ पर्यंत हा भाग आमच्या धुळे जिल्ह्यातच होता, आता नंदुरबारमध्ये येतो. माथ्यावर अश्वत्थाम्याचं स्थान आहे. दिवाळीच्या दिवसांत लोक तळोद्याकडून पायी निघतात, त्यात आदिवासी तरुण पुष्कळ. रात्री उघड्यावर मुक्काम आणि मग चढाई. लोक सांगतात, कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो अजून या डोंगरात फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो.

मी एकदाच गेलो. आईने पिशवीत तेलाची बाटली टाकली. म्हणाली, "भेटला तर नाही म्हणू नको."

मुक्कामाला शेकोटी पेटली, कळण्याची भाकरी आणि ठेचा निघाला. आमच्यातल्या कॉलेजातल्या पोराने विचारलं, "काका, ज्याने झोपलेली पोरं मारली त्याला तेल का द्यायचं?"

सगळे हसले. मला मात्र उत्तर आलं नाही.

प्रश्न खरा आहे. सौप्तिक पर्वात त्याने रात्री छावणीत शिरून द्रौपदीची पाचही मुलं मारली. पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकलं. यात कसली सबब सांगणार? आजच्या अध्यायात अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो. भीम म्हणतो, मारा. आणि जिची पोरं गेली ती म्हणते, सोडा त्याला. का? तर त्याची आई कृपी अजून जिवंत आहे, मी रडते तशी ती रडू नये. लक्षात घ्या, तो निर्दोष आहे असं ती कुठेच म्हणत नाही. त्याला माफ केलं असंही नाही. रडणाऱ्या आयांत आणखी एकीची भर नको, एवढंच. अर्जुन त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतो आणि त्याला छावणीबाहेर हाकलतो.

महाभारतात मात्र श्रीकृष्णाचा शाप आहे: तीन हजार वर्षं एकटा फिरशील, बोलायला कोणी मिळणार नाही. जखमेपेक्षा मला हेच भयंकर वाटतं.

आता खरं सांगतो. त्या शेकोटीच्या पलीकडे माझा चुलतभाऊ बसला होता. अमळनेरकडच्या शेताचा बांध त्याने दीड हात सरकवला, तेव्हापासून आठ वर्षं आमचं बोलणं बंद. लग्नाची पत्रिका नाही, दहाव्याला जाणं नाही. दीड हात जमीन कुठे आणि ती पाच पोरं कुठे! पण शिक्षा मी तीच दिली होती, एकटं फिर. आणि ती देताना द्रौपदीसारखा कोणाच्या आईचा विचार केला नव्हता. माझी काकू दर दिवाळीला दोन्ही घरांचे फराळाचे डबे स्वतः भरते आणि आमचा डबा शेजारच्या पोराच्या हाती पाठवते.

पहाटेच्या अंधारात चढायला लागलो. शेवटचा टप्पा उभा. खडकाला हात टेकत, पायाखालचा मुरूम निसटत. वर एक भिल्ल पोरगा उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "भाऊ, आठे पाय ठेव." आम्ही कोण, कुठले, त्याने विचारलं नाही. (अश्वत्थामा वाट दाखवतो म्हणतात ते असंच असेल का, कोण जाणे.) माथ्यावर दर्शन झालं. तिथे तेल वाहावं म्हणून बाटली काढली, थोडं वाहिलं, उरलेलं परत पिशवीत ठेवलं. का ठेवलं, ते तेव्हा कळलं नाही.

उतरताना चुलतभावाचा गुडघा सुजला. तो एका दगडावर बसला, बाकीचे पुढे गेले. मी पण चार पावलं पुढे गेलो होतो. मग मागे फिरलो आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

तो म्हणाला, "आईने दिली?"

मी म्हटलं, "हो. माझ्या."

त्याने पँटचा पाय वर सरकवला. तेल मीच चोळलं. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही, तो दावा आजही कोर्टात आहे, आणि पुढच्या तारखेलाही मी जाणार आहे. पण या दिवाळीला काकूकडे डबा घ्यायला मी स्वतः जाईन म्हणतो.