बेटावर उरलेले पैसे

“खायला सरकार घालतं, अंगावरचे कपडे सरकार देतं, झोपायला खाटही सरकारचीच. मग भत्त्याला हात लावायची वेळ येतेच कशी?” आमचे दाजी फोनवर सहज बोलून गेले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सध्या सिंगापूरमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची दोन वर्षं काढतो आहे, आणि त्याच्या खात्यात दाजींच्या अंदाजापेक्षा बरेच कमी पैसे निघाले होते. मी विषय बदलला. पण त्या प्रश्नातला हिशेब मला पटला नव्हता, आणि का पटला नव्हता हे धड सांगताही येईना.

सिंगापूरला ही सक्ती का आली, हे नव्यानं सांगायला नको. १९६५ साली मलेशियापासून वेगळं झालेलं एवढंसं बेट, स्वतःचं म्हणावं असं सैन्य नाही, म्हणून १९६७ चा कायदा. तेव्हापासून अठराव्या वर्षाच्या आसपास प्रत्येक मुलाला बोलावणं येतं. नोकरीसाठी गेलेल्या आणि कायम रहिवासी झालेल्या बापाला त्यातून सूट असते. त्याच्यामागून कायम रहिवासी झालेल्या मुलाला नसते. तिथल्या मराठी घरांत त्यामुळे हा विषय मुलगा शाळेत असतानाच निघतो. दाजींच्या घरी तो निघाला तेव्हा त्यांनी एका वाक्यात मिटवला: ज्या देशाचं खाल्लं त्या देशाला दोन वर्षं द्यायची. त्यांच्या या सरळपणाबद्दल मला आदर आहे. भांडण पुढच्या वाक्याशी आहे.

रिक्रूटचा भत्ता २०२५ च्या जुलैमध्ये वाढून महिन्याला ७९० डॉलर झाला. सरकार त्याला पगार म्हणत नाही, आणि त्यामागची भूमिका लपवतही नाही: सेवा हे कर्तव्य आहे, कर्तव्याचं मोल होत नाही, ही रक्कम मुलाच्या किरकोळ गरजांसाठी आहे. ठीक आहे. पण मग जी रक्कम गरजांसाठीच म्हणून बेतली आहे, ती गरजांवर खर्च झाली तर मुलाचं चुकलं काय? आणि ती मोठ्या प्रमाणावर शिल्लक राहत असेल, तर त्याच्या गरजा दुसरं कुणीतरी भागवत असलं पाहिजे. बहुतेक घरांत हे दुसरं कुणीतरी म्हणजे आईबाप. फोनचं बिल, कॉलेजसाठी बाजूला काढलेले पैसे, सुट्टीच्या दिवशीचं जेवण, सगळं घरातून जातं, आणि मग मुलाच्या खात्यातल्या आकड्याला त्याचा सद्गुण समजलं जातं.

उरलेले पैसे आणि ठेवलेले पैसे यांत मी फार पूर्वीपासून फरक करत आलो आहे. उरलेले पैसे परिस्थितीनं उरतात. ठेवलेल्या पैशांमागे कुणीतरी ठरवलेलं असतं: हे आज वापरता येतील, तरी वापरायचे नाहीत. सिंगापूरच्या रिक्रूटचे सुरुवातीचे आठवडे तेकोंग बेटावर जातात. तिथं खर्च करायला कँटीनखेरीज जागा नाही. पहिल्या महिन्याचा भत्ता खात्यात तसाच पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, बघा, मुलगा सुधारला. पुढे शनिवार-रविवारची सुटी मिळायला लागते. मुलं फेरीनं समुद्र ओलांडतात, पासिर रिसच्या स्टेशनाशी येतात आणि तिथल्या पहिल्या बऱ्या हॉटेलात शिरतात. एका रात्रीत खात्याला भोक पडतं, आणि तेच घरचे म्हणतात, मुलगा उधळ्या झाला. मुलगा दोन्ही वेळी तोच होता. आधी दुकान नव्हतं, आता आहे, एवढाच फरक. बेटावर पैसे उरले होते. ते ठेवलेले आहेत असं आपणच समजून बसलो.

आठवडाभर रांगेत उभं राहून, दुसऱ्याच्या शिट्टीवर उठून, दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळी जेवून आलेल्या मुलाला शनिवारी संध्याकाळी काय हवं असतं? जेवण हवं असतंच, पण कुठं, कुणाबरोबर आणि किती वेळ बसून जेवायचं, हे स्वतः ठरवणं त्याहून जास्त हवं असतं. त्याच्या हातातला पैसा त्या आठवड्यातला एकमेव निर्णय विकत घेतो. ही उधळपट्टी आहे असं मला कुणी कितीही सांगितलं तरी मी मानणार नाही.

दाजींचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते त्यांनी आयुष्यभर जगून दाखवलं आहे. रकमेला महत्त्व नाही, सवयीला आहे. ते सिंगापूरला गेले तेव्हा चौघांत एक खोली घेऊन राहिले, सकाळीच भात लावून डबा नेला आणि बहुतेक पगार कराडला पाठवला. जमिनीवरचं कर्ज त्यातून फिटलं. या माणसाला काटकसरीवर बोलायचा अधिकार आहे. पण त्यांनी आपला वेळ स्वतः विकला होता, भाव ठरवून, करारावर सही करून. भाव परवडला नसता तर ते परत येऊ शकत होते. मुलाचा वेळ कुणी विकत घेतलेला नाही, तो मागून घेतला आहे, आणि नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. स्वतः विकलेल्या वेळाच्या पैशावर माणूस संयम शिकू शकतो, कारण तिथं सुरुवातीपासून त्याची मर्जी असते. जिथं मर्जीच बाजूला ठेवलेली आहे, तिथं फक्त खर्चाच्या बाबतीत मर्जीचा पुरुषार्थ दाखव असं मुलाला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

दाजींच्या हिशेबात आणखी एक मुलगा बसतच नाही. त्याच तुकडीत, शेजारच्या खाटेवर असा मुलगा असतो, ज्याच्या घरी तो भत्ता विजेच्या बिलात जातो. सेवेत येण्याआधी तो संध्याकाळी कुठंतरी काम करून घरी हातभार लावत असे. आता परवानगीशिवाय बाहेरचं काम करता येत नाही. अडचणीतल्या कुटुंबांना लष्कराकडून मदतीची सोय आहे, पण ती सगळी भोकं बुजवते असं नाही. दोन वर्षांनी दोन खाती समोर ठेवली, तर एकात काही हजार डॉलर दिसतील आणि दुसऱ्यात जवळपास काहीच नाही. दाजींच्या मोजपट्टीनं पहिला मुलगा शहाणा ठरतो. दोघांपैकी स्वतःला आवरून पैसे दुसऱ्यासाठी ठेवले कुणी, हे ती मोजपट्टी विचारतच नाही.

इथं मला आपल्याकडच्या मनिऑर्डरी आठवतात. साताऱ्याजवळचं मिलिटरी आपशिंगे, पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान पडले, किंवा त्या पट्ट्यातलं कुठलंही गाव घ्या. पलटणीतून आलेल्या पैशावर विहिरी बांधल्या गेल्या, घरं कौलारू झाली, बहिणींची लग्नं लागली. त्या जवानानं स्वतःच्या नावावर किती साठवलं, असा प्रश्न गावात कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. पैसा त्याच्या खात्यात नसे, पण तो होता. भावाच्या शिक्षणात होता, बैलाच्या जोडीत होता. ते जवान स्वखुशीनं भरती झालेले, पगारी. त्यांची तुलना सक्तीच्या सेवेशी थेट करता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरी एकट्याच्या नावावरचा आकडा हीच बचतीची खूण मानायची पद्धत किती नवी आहे, ते या गावांकडे पाहिलं की कळतं.

इथवर आलो तेव्हा माझं मत पक्कं होतं: मुलाला बचतीचा उपदेश करू नये, भत्ता त्याला हवा तसा उडवू द्यावा. पण मग दक्षिण कोरियाचा विचार करावा लागला, आणि हे मत तसंच्या तसं टिकलं नाही.

कोरियात २०१७ साली सक्तीच्या सेवेतल्या सार्जंटला महिन्याला २,१६,००० वॉन मिळत. २०२५ मध्ये तो आकडा १५ लाखांवर गेला. याच काळात, २०१८ पासून, तिथं सैनिकांसाठी खास बचत योजना आली. सैनिकानं दरमहा ठेव ठेवायची, व्याज चांगलं, आणि सेवा संपताना सरकार आपली भर घालणार. ही भर वाढत वाढत ठेवीइतकी झाली. २०२५ च्या मर्यादेनं महिन्याला साडेपाच लाख वॉन ठेवले, तर लष्करातल्या अठरा महिन्यांनंतर सरकारी भरीसह दोन कोटी वॉनच्या घरात रक्कम हातात येते. कॉलेजची फी, खोलीची अनामत, छोट्या धंद्याचं भांडवल, काहीही करता येईल इतका हा पैसा खरा आहे. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा सुटून बाहेर येतो तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही. हे वाचताना मला दाजी बरोबर वाटू लागले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण या योजनेला पैसे आधी मुलानं ठेवावे लागतात. नव्या शिपायाला २०२५ मध्ये मिळत होते साडेसात लाख. त्यातले साडेपाच लाख बाजूला काढले की उरले दोन लाख. ज्याच्या घराला त्याच्याकडून काहीच नको आहे, तो मुलगा हे सहज करेल आणि सरकारची पूर्ण भर घेऊन जाईल. जो निम्मा पगार आईला पाठवतो, त्याची ठेव तेवढी कमी, आणि ठेव कमी म्हणून सरकारची भरही कमी. ज्याला गरज जास्त, त्याला सरकार देतं कमी. उरलेल्या पैशांना ठेवलेल्या पैशांचा मान देण्याची दाजींची चूक इथं एका सरकारनं कायद्यात लिहून ठेवली, असं मला वाटतं.

मग आपल्या अग्निवीरांकडे बघावंसं वाटलं. २०२२ ची ही योजना सक्तीची नाही. मुलं रांगा लावून येतात, आणि चार वर्षांनी चारांतल्या तिघांना घरी जावं लागतं, याबद्दल माझं मत चांगलं नाही. पण तिच्यातला एक भाग नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, त्यातले ९,००० हातात न येताच निधीत जातात, आणि सरकार तेवढेच घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी. इथं गरीब घरचा मुलगा आणि खात्यापित्या घरचा मुलगा यांची भर सारखी. आईला पैसे पाठवले म्हणून कुणाचा वाटा घटत नाही. हातात आलेल्या २१,००० चं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता सिंगापूरकडे परत येतो, कारण खरी विसंगती तिथंच आहे. सक्तीची बचत म्हणजे काय हे जगाला ज्या देशांनी दाखवलं, त्यांत सिंगापूर पुढे आहे. तिथला सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड १९५५ पासून चालू आहे. पंचावन्न वर्षांच्या आतल्या नोकरदाराच्या पगारातून आज २० टक्के जातात, मालक वर १७ टक्के घालतो. लष्करी सेवा आली १९६७ मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी या फंडातून सरकारी घर विकत घ्यायची मुभा मिळाली. या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या, त्यालाही कारण होतं. ली क्वान यू यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे की, सैनिकाच्या कुटुंबाचं स्वतःचं घर नसेल, तर आपण श्रीमंतांच्या मालमत्तेसाठी लढतो आहोत असं त्याला वाटू लागेल. म्हणजे बंदूक आणि बचत यांची सांगड राष्ट्राच्या पायातच घातलेली आहे. आणि तरीही भत्त्यावर फंडाची वर्गणी पडत नाही. हॉटेलातल्या नव्या वेटरच्या नावावर दरमहा पैसे जमा होतात. त्याच वयाचा जो मुलगा जंगलात खंदक खणतो, त्याच्या खात्यात या दोन वर्षांत सक्तीच्या बचतीचं काहीही पडत नाही. सेवेच्या ठरावीक टप्प्यांवर सरकार कृतज्ञतेच्या रकमा देतं, हे खरं आहे. पण ती देणगी झाली. वर्गणी हा हक्क असतो, आणि ती पहिल्या महिन्यापासून वाढू लागते.

म्हणून माझं मत आता असं झालं आहे: या मुलाच्या नावानं बचत झालीच पाहिजे, आणि ती सरकारनं केली पाहिजे. ज्यानं वेळ घेतला त्यानंच ठेवावं. भत्त्यातून एक डॉलरही न कापता, मालकाचा १७ टक्क्यांचा वाटा सरकारनं फंडात भरावा. ७९० वर महिन्याला साधारण १३४ डॉलर, दोन वर्षांत सव्वातीन हजारांच्या आसपास. फंडाच्या अडीच टक्के व्याजानंही पासष्टीपर्यंत त्याचे तिप्पट होतात. कुठल्या मुलाच्या घरची परिस्थिती कशी आहे, हे विचारायचं कारण उरत नाही. मग हातातल्या भत्त्यावरून त्याच्या चारित्र्याची परीक्षा घेण्याचं कारणही उरत नाही.

दाजींना हे पटलेलं नाही. पंचावन्नपर्यंत हात लावता येत नाही असा पैसा मुलाला काय शिकवणार, असं ते म्हणतात. त्या पैशातून घर घेता येतं हे ते विसरतात. त्यांचं स्वतःचं घर त्याच फंडातून झालं आहे. त्यांचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भत्त्यावर १७ टक्के म्हणजे फार थोडं, आणि तेवढ्यासाठी एवढी यंत्रणा कशाला? याला माझं उत्तर आहे की वर्गणी भत्त्यावर मोजूच नये. भत्ता गरजांपुरता आहे, असं सरकारच सांगतं. सरकारनं घेतला आहे तो वेळ, तेव्हा त्या वयाचा मुलगा बाहेर नोकरीत जेवढं कमावतो, त्या पगारावर ती मोजावी. मग रक्कम थोडी राहणार नाही आणि अर्थसंकल्पात तिच्यासाठी जागा करावी लागेल. संसदेत त्यावर वाद होईल, करदाते विचारतील की हे आमच्या खिशातून का. तो वाद व्हायला हवा. आज तो प्रत्येक घरात, बाप आणि मुलगा यांच्यात, मुलाच्या पासबुकावरून चालला आहे.