मुलासाठी ठेवावयाचा वस्तरा

बापाने मुलास मागे काय ठेवावे, हा प्रश्न शेतवाडी असणाऱ्यास सोपा वाटतो आणि नसणाऱ्यास निरर्थक वाटतो. वास्तविक तो दोघांसही सारखाच लागू आहे. सज्जनाचा वारसा नातवंडांपर्यंत पोहोचतो, असा बोध नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात आहे. तो वारसा जमिनीचा असावा की जिनसांचा, हे तेथे सांगितलेले नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ बंधू आहेत की, ज्यांचे पोट कापसाच्या वेचणीवर, जिनातील मजुरीवर अथवा शाळेच्या पगारावर चालते. त्यांपैकी एखाद्याने मनात आणिले की, धातूचा एक चांगला सेफ्टी रेझर घ्यावा, तो जन्मभर वापरावा व पुढे मुलास द्यावा, तर ह्या विचारास पोरकट म्हणावे, ऐहिक मोह म्हणावे, की त्यात काही सत्त्व आहे?

सत्त्व आहे, असे आमचे मत आहे. परंतु ते त्या जिनसेत नसून तिच्या मागील इतिहासात आहे.

न्हावी, ज्यास वऱ्हाडात म्हाली असेही म्हणतात, तो गावगाड्यातील एक बलुतेदार. सुगीच्या वेळी त्यास खळ्यावर धान्य मिळे व त्याबदली तो वर्षभर गावाची हजामत करी. गाव म्हणजे कोण, हे मात्र ठरलेले असे. महार व मांग बांधवांस त्याचा वस्तरा लागत नसे. आणि त्यांच्यातील जे ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा गावाने मोजला नाही, जुनी जात मात्र मोजली. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, त्यांच्या बालपणी साताऱ्यास घरातील मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, किंवा घरी द्यावयास पैसा नव्हता असेही नाही. वडील पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार होते. अमरावतीस अंबादेवीचे देऊळ सर्वांस खुले व्हावे म्हणून १९२७ साली सत्याग्रह झाला, तो सर्वांस ठाऊक आहे. देवळाचे बंद दार दुरून दिसते. न्हाव्याने गुंडाळून घेतलेली धोकटी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु देवळात मनुष्य कधीमधी जातो, दाढी मात्र रोज वाढते.

अशा काळात अमेरिकेतील बॉस्टन शहरी किंग कॅम्प जिलेट नामक गृहस्थाने १९०१ साली कंपनी काढिली, १९०३ साली पातळ पोलादी पात्याचा रेझर विक्रीस आणिला व १९०४ साली त्याचे पेटंट मिळविले. हे त्याने दीनांच्या कळवळ्याने केले असे नव्हे. दांडा टिकावा, पाते बोथट व्हावे आणि गिऱ्हाइकाने पुनःपुन्हा नवे पाते विकत घ्यावे, ही त्यातील व्यापाराची गोम होती. तथापि व्यापाऱ्याच्या लोभातूनही देव कधी कधी दुसऱ्याचे कार्य साधून घेतो. जो वस्तरा धरावयास हातास वर्षांची सवय लागे, त्याऐवजी कोणाही मनुष्यास आरशापुढे एकट्याने धरिता येईल असे साधन निघाले. पुढे ते खेड्यापर्यंत आले, तेव्हा न्हाव्याचा नकार तेवढ्यापुरता तरी निष्फळ झाला. फारोपुढे उभे राहण्यापूर्वी योसेफाने बंदिखान्यातून निघून दाढी केली व वस्त्रे बदलली, असे उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात आहे. पवित्र शास्त्राने ही बारीकशी गोष्ट वगळली नाही. कैद्याचे रूप टाकून मनुष्याने मनुष्यासारखे उभे राहणे शास्त्रास क्षुल्लक वाटलेले नाही.

निवडीविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. पूर्वीचे चांगले रेझर पितळेचे असत व त्यांवर निकेलचा मुलामा असे. पितळेचे अथवा न गंजणाऱ्या पोलादाचे रेझर आजही मिळतात. जस्ताच्या मिश्रधातूचे रेझर स्वस्त असतात, पण मुलामा उडाला की आतील धातू खाल्ला जातो व आटे तुटतात. पूर्णेच्या खोऱ्यातील आमच्या खारपाणपट्ट्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. तेथील विहिरींच्या खारट पाण्याने भांडीसुद्धा टिकत नाहीत. वापरानंतर रेझर सुटा करून गोड्या पाण्याने धुवावा व कोरडा करावा. जितके भाग कमी, तितका तो अधिक टिकतो. दुधारी पात्याचे माप सर्वत्र एकच राहिल्यामुळे आजोबांच्या रेझरात आजचे पाते बसते. वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या रेझरास असा नातू मिळत नाही. पाते मात्र ज्याचे त्याचेच असावे. रक्तावाटे रोग जातो, म्हणून बापाचे पाते मुलानेही लावू नये.

आता कठीण प्रश्न. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरविले. शहरातील दुकानात खुर्चीवर बसणाऱ्यास आता सहसा कोणी जात विचारीत नाही. ज्या मुलास नकार माहीतच नाही, त्यास तो सांगून त्याच्या मनात कडूपणा का पेरावा? काही वडील मंडळी ह्याच भावनेने गप्प राहतात, आणि त्यांचा हेतू प्रेमाचा असतो. तरी आम्हांस हे मौन मान्य नाही. अलीशाची काठी गेहजीने मेलेल्या मुलाच्या तोंडावर ठेविली, परंतु त्या मुलात चेतना आली नाही. गोष्टीवाचून दिलेला रेझर तशीच काठी आहे.

मात्र गोष्ट सांगावयाची तर पुरी सांगावी. ज्या न्हाव्याने आमच्या वाडवडिलांस नाकारिले, तोही गरीब होता. त्याने महारवाड्यात वस्तरा नेला असता तर उरलेल्या गावाने त्याचे बलुते बंद केले असते. ह्याने त्याचा दोष पुसला जात नाही. आणि हेही सांगावे की, १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. एकाच धंद्याच्या हातांनी एकदा दुर्बळास नाकारिले व एकदा दुर्बळावरील जुलमास नाकारिले. हे दोन्ही नकार ऐकलेला मुलगा न्हाव्याच्या जातीचा द्वेष करणार नाही, आणि आपल्या हाती कोणास नाकारण्याची सत्ता आली, म्हणजे शाळेत, दवाखान्यात, मंडळीच्या पंचकमिटीत, तर ती कशी वापरावी ह्याचा विचार करील.

मुलगे तीन व रेझर एक असला तर तंटा होईल, अशी शंका कोणी घेईल. वाटणीसाठी आलेल्या मनुष्यास प्रभूने लूकच्या बाराव्या अध्यायात परत पाठविले, हे खरे. पण येथे तोड सोपी आहे. जिन्नस एकास द्यावी, गोष्ट सर्वांस सांगावी. आणि मुलींस अवश्य सांगावी, कारण त्या साताऱ्याच्या घरात कातर बहिणीच्या हाती होती.

मरणाची वाटही पाहू नये. मुलास मिसरूड फुटले की, अथवा तो शिक्षणासाठी नागपुरास वा पुण्यास गेला असल्यास नाताळच्या सुटीत घरी आला की, सकाळी अंगणात पाण्याचा तांब्या, साबण व आरसा घेऊन दोघांनी एकत्र बसावे.